लेकीच्या घराची किल्ली

लेकीनं चर्चबाहेरच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा मी दाराचं कुलूप बदललं. कुलपांचाच धंदा माझा, दहा मिनिटं लागली. नंतर अकरा वर्षं एकच ताट धुतलं आणि दर रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवलं, “तारण देवाच्या कृपेनं मिळतं, आपण फक्त विश्वास ठेवायचा.” मग तिच्या घराची किल्ली टपालानं आली. सोबत चिठ्ठी: ‘बाबा, कधीही या.’ असं कसं जाणार? आधी लायक तर व्हायला हवं! चाळीस उपास केले, माफी पाठ केली, किल्ली घासून लख्ख केली. आज तिच्या दाराशी गुडघे टेकले, मग किल्ली फिरवली. खट्ट झालं. दार ढकललं, हलेना. आवाज ओळखीचा होता: नुसत्या लोटलेल्या, उघड्या दाराला मीच आत्ता कुलूप लावलं होतं. आतून लेक म्हणाली, “दार रोज उघडंच असतं, बाबा. ‘कधीही या’ हे तुम्हाला खरं वाटावं म्हणून किल्ली पाठवली.”