काकूंचं पथ्य

आजही परसातल्या भिंतीवर कालवणाची वाटी आली नाही.

शेजारची शेवंता रोज वाटी ठेवायची, मग भिंतीच्या दोन्ही अंगांना गप्पा रंगायच्या. पण अनसाकाकूंच्या पायाचा अंगठा सुजला, युरिक ॲसिड वाढलंय म्हणून डॉक्टरांनी मटण बंद केलं, वजन उतरवायला सांगितलं, आणि ते पथ्य शेवंतानंच इमानानं पाळलं: वाटी बंद केली, अन् वाटीबरोबर गप्पाही थांबल्या. सूज गेली. वजनही उतरलं. एकट्या घरात दुधीचा घास तेवढा घशाखाली जाईना.

काकू झाकलेलं ताट घेऊन शेवंताच्या दारात उभ्या राहिल्या.

"अगंबाई, काकू! आज मटण आहे. तुम्हाला वास जाऊ नये म्हणून खिडकीसुद्धा लावून घेतली मी."

"तुझं मटण कुणाला हवंय, बये?" काकूंनी ताटावरचं फडकं काढलं. भाकरी अन् दुधी. "सरक जरा. माझं पथ्याचं तुमच्यात बसून खाऊ दे."