बोलणारं मशीन

बेंगळुरूहून आलेले अधिकारी विमानतळावरून थेट सांबरा गावात, अंबुबाईंच्या दारात उतरले. पूर्णिमा आधीच येऊन उभी होती.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तिचं मशीन रोज फोन करायचं. जेवलात का, गोळी घेतलीत का, असं इथल्याच बोलीत विचारायचं. संशोधन बेळगावच्या कॉलेजात, सरकारी पैशातून झालेलं. आता त्याची कंपनी काढायलाही सरकारच हात देत होतं. त्याआधी मशीन चालताना एकदा बघायचं होतं.

ते चालत नाही, हे फक्त पूर्णिमाला माहीत होतं.

अंबुबाईंना पहिला फोन गेला तेव्हाच ते अडखळलं होतं. घाबरून पूर्णिमानं माईक ओढला आणि मशीनच्या जागी स्वतःच बोलली. दिवसभर कुणाशी न बोलल्यानं आवाज घोगरा निघाला.

"आज्जी, तुम्ही एकट्याच असता काय?"

अंबुबाई जरा थांबल्या. "व्हय गं, एकटीच."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तीच बोलायची. रेंज तिथंच येते म्हणून अंबुबाई गोठ्यात जाऊन बोलायच्या. "मशीनबाई, तू जेवलीस का?" असंही विचारायच्या. कॉलेजात सोबत संशोधन करणारी सौम्या नोकरीसाठी निघून गेली होती. आई गेल्यापासून पूर्णिमाला घरून फोन येत नव्हता. जेवलीस का म्हणून विचारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"आत्ता लावा फोन," अधिकारी म्हणाले.

अंबुबाई फोन घेऊन गोठ्याकडे निघाल्या. अधिकारी आणि पूर्णिमा मागोमाग गेले. पूर्णिमानं आपल्या फोनवरून मशीन सुरू केलं. अंबुबाईंचा फोन वाजला.

"आज्जी, जेवलासा काय?"

"जेवले की. तू गं?"

"कळलं नाही. पुन्हा बोला."

अंबुबाई मोठ्यानं बोलल्या. मशीन तेच म्हणालं. तिसऱ्यांदाही तेच.

"आज हिला बरं न्हाय वाटतंय, सायेब," अंबुबाई घाईनं म्हणाल्या. "रोज लई ग्वाड बोलती."

अधिकारी पूर्णिमाकडे वळले. "रेंजचा प्रॉब्लेम असेल ना?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पूर्णिमानं अंबुबाईंकडे पाहिलं.

"नाही सर. यांचं बोलणं त्याला कळतच नाही. रोज मीच बोलते."

ते गाडीकडे वळले. "मग पुढची मदत मिळणार नाही. समजतंय ना?"

तिनं मान हलवली. गाडी धूळ उडवत निघून गेली.

पूर्णिमा गोठ्याच्या उंबऱ्यावरच बसली. हातातला फोन तिनं बंद केला.

"आज्जी, चुकलं माझं. तुम्ही एकट्या, आणि मी मशीन होऊन तुम्हाला फसवत राहिले."

अंबुबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग परसाकडे तोंड करून हाक मारली, "भाईर या रं सगळी. गेलं सायेब."

पिठाचे हात पुसत सून आली. पाठोपाठ मुलगा, दोन नातवंडं, आणि काठी टेकत आजोबा.

"घर भरल्यालं हाय म्हणून सांगितलं असतं," अंबुबाई म्हणाल्या, "तर तू परत फोन केला असतास व्हय गं?"