मावशींचा ळ

“साठीच्या पुढच्यांचा वेगळा ग्रुप काढा,” हा ठराव आला, तेव्हा चष्मेवाली एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. तिने फोन उपडा ठेवला आणि फ्रेमची दांडी जरा जास्तच वाकवली.

ग्रुप ‘पाचवी शिट्टी’ या जुन्या रेडिओ मालिकेच्या चाहत्यांचा. ॲडमिन चष्मेवालीच. ठराव मांडणारा पंचविशीतला. ग्रुपवर त्याला सगळे शिट्टीबहाद्दर म्हणत.

“मालिकेवर बोलायचं सोडून तेव्हा रेडिओ कुठल्या कोनाड्यात होता, हेच चाललेलं असतं,” त्याने लिहिलं होतं. “आणि मावशींना आधी कीबोर्डवर ळ तरी सापडू दे!”

त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मावशी ग्रुपमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. मालिका लागायची तेव्हा प्रत्येक भाग त्यांनी ऐकता ऐकता वहीत उतरवलेला. फोनवर मात्र ळ त्यांना कधीच सापडला नाही. त्यांची ‘कालजी घ्या’ ग्रुपवर सगळ्यांना पाठ होती.

मतदान पाचपर्यंत होतं. तीनलाच बावीस जण ठरावाच्या बाजूने. गिऱ्हाईक एकदाचं गेलं. मावशी गेल्या तर हा ग्रुप चालवायचा तरी कुणासाठी? चष्मेवालीने फोन सुलटा केला. तिने लिहिलं, “मत देण्याआधी एक सांगा. शेवटचा भाग कोणी ऐकलाय?”

त्या भागाचं रेकॉर्डिंग कुठेच उरलेलं नव्हतं.

चष्मेवालीने दुकानाचं दार लोटून घेतलं.

बारा मिनिटांनी मावशींचा मेसेज आला. मावशींना टाइप करायला वेळ लागतो, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

“गार्ड गाडी सोडतो आणि स्वतः फलाटावर राहतो. पाचवी शिट्टी वाजतच नाही. त्या दिवशी आमच्याकडे कोणी नीट जेवलं नाही. वहीत लिहिताना शाई पसरली, म्हणून शेवटची एक ओल वाचता येत नाही.”

त्या ‘ओल’ला या वेळी कोणी हसलं नाही.

“ठराव मागे घेतो,” शिट्टीबहाद्दराने लिहिलं. “मावशी, चुकलो, कान धरतो. रविवारी सगळे भेटतोय. वही घेऊन याल? न्यायला मी स्वतः येतो.”

“मावशी, या ना!” पाठोपाठ तीस जणांनी लिहिलं.

चष्मेवालीने पदराने डोळे पुसले. काउंटरखालचा खण उघडाच होता. त्यात आईच्या अकरा वह्या, आईचा चष्मा आणि आई गेल्यापासून दीड वर्षं तिने रोज चार्ज केलेला आईचा फोन. तो उचलून तिने लिहिलं, “पोरांनो, डोळे भरून आले. पण गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. सगळे मजा करा, माझी काळजी नको.” मग सवयीने पडलेले तिन्ही ळ खोडून तिने त्यांच्या जागी ल केले.