सव्वा तासाचा रस्ता

“काढलेलं हृदय चार तासांत बसवावं लागतं म्हणता, आणि नागपूरहून पुण्याला माझी एसटी चौदा तास घ्यायची,” तुळशीराम बोरकुटे डॉक्टरबाईंना म्हणाला. सव्वीस वर्षं त्यानं त्याच रस्त्यावर गाडी चालवली होती. मोटरसायकलवरून पडलेल्या त्याच्या चोवीस वर्षांच्या मुलाचा, हर्षदचा मेंदू मृत झाल्याचं सकाळीच सांगितलं होतं. हृदय मात्र अजून चालू होतं.

“विमानानं सव्वा तास लागतो, काका,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. “तिथं एक मुलगी वाट बघतेय.”

त्यानं बायकोकडे पाहिलं. रुख्मानं मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं कागदावर सही केली.

दुपारी हृदयाची पेटी घेऊन विमान उडालं. दोघं दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिले. थोड्या वेळानं रुख्मानं विचारलं, “कुठवर गेलं असेल जी?”

त्यानं डोळे मिटले. “कारंजा मागं पडलं असेल.”

मग ती दर थोड्या वेळानं विचारत गेली आणि तो एकेक गाव सांगत गेला. मेहकर, जालना, नगर. आयुष्यभर चहाला थांबलेल्या त्या गावांत आज त्याचं मन कुठंच थांबेना.

संध्याकाळी डॉक्टरबाई धावतच आल्या. “बसवलं, काका. धडधडायला लागलंय.”

तुळशीराम बायकोला म्हणाला, “पोचला गं तो.”

रुख्मानं पदरानं डोळे पुसले. “मग चला आता,” ती उठून शवागाराकडे वळत म्हणाली, “आपण त्याला घरी नेऊ.”