देवघरातली ऊब
कुंभकोणमच्या उकाड्यातही रुक्मिणीबाईंचे पाय गारठत, म्हणून मुलानं, विजयराघवनं, देवघराच्या फरशीखाली विजेच्या गरम होणाऱ्या तारा बसवून घेतल्या. "ह्या खुणेच्या वर कधी नेऊ नका," भिंतीवरचं बटण दाखवून इलेक्ट्रिशियननं बजावलं. दुसऱ्या सकाळी रुक्मिणीबाई फरशीवर अनवाणी पाय टेकून भजनाला बसल्या. "आई, ऊब लागते?" "नाहीं रे, गारच आहे." विजयराघवनं बटण खुणेच्या पार पुढं फिरवलं आणि तो दुकानी गेला. दुपारी परतला, तेव्हा आई अजून गातच होती. तळव्यांना मात्र टरारून फोड आले होते. जखमा चिघळल्यावर डॉक्टर म्हणाले, "मधुमेहानं पायांच्या नसा मेल्यात, चटका कळलाच नाही. डावं पाऊल कापावं लागेल." मुलीनं, जननीनं, विचारलं, "बटण कुणी वाढवलं?" "मीच गे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. पलंगाशेजारी उभ्या विजयराघवनं तोंड उघडलं आणि तसंच पुन्हा मिटलं.