यंत्राची कुरकुर

भार्गवकाकांचं नाणी शोधायचं यंत्र वाळूत बाटलीचं झाकण असलं तरी पोर्तुगीजांचं जहाज सापडल्यासारखं बोंबलायचं. "आज नाणं नाही मिळालं, तर हे भंगारात," ते खचून काकूंना म्हणाले.

तेवढ्यात यंत्र एकदा खणखणलं, मग नुसतंच कुरकुरलं. "खिळा असणार," काका पुटपुटले.

"अहो, शंका आली की उकरायचं, हे तुम्हीच सांगता ना?"

काकांनी उकरलं. वाळूत चांदीचं नाणं उभं खोचलेलं होतं आणि त्यावर ताजं हळदकुंकू होतं. काकूंच्या देव्हाऱ्यातलं काहीही पूजेशिवाय बाहेर पडत नसे. गुपचूप पुरायला नेलेलं नाणंही नाही.

काकू उगाच होड्या पाहत होत्या. काकांनी अंगठ्याने कुंकू हळूच पुसून टाकलं.

"पेशवाईतलं दिसतंय," ते म्हणाले. "अजून असतील. उद्या येशील ना?"