नाकारलेली अक्षरं

वजनकाट्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर प्रोग्राम मीच लिहिलेला. भिंतीवरचा लाल आकडा बघून तिथल्या क्लार्क ताई गाडीचं वजन टाइप करतात. त्या रकान्यात फक्त आकडे चालतात. अक्षर दाबलं तर उमटत नाही, नुसतं ‘टुंग’ वाजतं.

"अहो, काट्यावर गाडी नसतानाही वाजतं," ताई फोनवर म्हणाल्या.

ताईंचंच बोट चुकून पडत असणार, मला खात्री होती. नाकारलेलं प्रत्येक अक्षर एका फाईलमध्ये जमा होईल, अशी सोय गुपचूप करून टाकली. म्हटलं, आता सापडतील.

आज भरदुपारी स्वतः जाऊन बसलो. कीबोर्डची वायर काढून तो मांडीवर घेतला. ताई हाताची घडी घालून समोर उभ्या. बाहेर काटा रिकामा, लाल आकडा शून्य.

टुंग. टुंग. वाजतच राहिलं.

थांबल्यावर मी फाईल उघडली. अक्षरं ओळीने लागली होती: ‘ताईंवर संशय नको. काट्यावर मी आहे.’

"काय आलंय हो?" ताईंनी विचारलं.

मी भिंतीकडे पाहिलं. शून्याचे साठ किलो झाले होते. बघता बघता पुन्हा शून्य झालं, आणि ताई दाराकडे बघत बाजूला सरकल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा.